ॲसिड जॉबनंतर विहीर परत परत बसते: दोष ॲसिडचा की ॲडिटिव्हच्या आपसातल्या भांडणाचा?

ॲसिड जॉब म्हणजे तेलविहिरीत ॲसिड आणि त्यात मिसळलेले इतर पदार्थ, म्हणजे ॲडिटिव्ह, पंप करून तळाजवळचा खडक मोकळा करणं; विहीर बसणं म्हणजे तिचं उत्पादन घसरणं. लक्षण नेहमीचंच. जॉब सुरळीत होतो, पंपाचा दाब व्यवस्थित उतरतो, परतीचं ॲसिड निघतं, आठवडाभर उत्पादनाचा दर बरा दिसतो. पंधरवडा-महिन्यात विहीर जॉबपूर्वीच्या पातळीवर, कधी त्याहून खाली. पुढच्या वेळी कृती तीच, फक्त इनहिबिटर (पोलादाचं क्षरण रोखणारा पदार्थ) एक कारबा जास्त आणि सर्फॅक्टंट (साबणासारखा पदार्थ) थोडा जास्त. विहीर पुन्हा बसते, आणि शेवटी फाईलवर शेरा पडतो की ही विहीर ॲसिडला दाद देत नाही.

बडोद्यातून अंकलेश्वर, गंधार, कलोलच्या विहिरींचं काम बघणाऱ्यांना हे नवीन नाही. अंकलेश्वरचं तेल १९६० साली सापडलं. म्हणजे इथल्या कित्येक विहिरींवर आजवर अनेक जॉब होऊन गेलेत, आणि जुनी कृती नव्या जॉबशीटवर उतरवून घेण्याची सवय तितकीच जुनी आहे. आमच्या मते दहातल्या बहुतेक वेळा दोष ॲसिडच्या ताकदीत नसतो. मिश्रणात एकेकटे उत्तम चालणारे चार-पाच पदार्थ एकमेकांना, लोहाला आणि क्रूडला भेटल्यावर काय करतात, हे कोणी बघितलेलंच नसतं.

आधी परतीचा नमुना बघा

फ्लोबॅकच्या, म्हणजे विहिरीतून द्रव परत येण्याच्या, वेळी दर घनमीटरला एक बाटली भरून ठेवा. पहिली आणि शेवटची अशा दोनच ठेवल्या तर मधली गोष्ट निसटते. प्रत्येक बाटलीचा पीएच पट्टीने बघा, लोह मोजा आणि खाली बसलेला गाळ १०० मेशच्या जाळीतून गाळून घ्या. गाळ काय आहे हे साध्या खुणांवरून कळतं.

विटकरी, जेलीसारखा चिखल असेल आणि थोड्या पातळ हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळत असेल, तर ते फेरिक हायड्रॉक्साइड. काळा गाळ ॲसिड टाकताच सडक्या अंड्याचा वास सोडत असेल आणि वर धरलेला लेड ॲसिटेटचा ओला कागद काळा पडत असेल, तर आयर्न सल्फाइड. ही चाचणी धुराड्याखालीच (फ्यूम हूडखाली) करा आणि नाक जवळ नेऊ नका, कारण हायड्रोजन सल्फाइड वाढलं की वास येणंच बंद होतं. काळा पण चिकट, काकवीसारखा ओघळणारा, ॲसिडमध्ये ढिम्म आणि झायलीनमध्ये बऱ्यापैकी सुटणारा गाळ म्हणजे ॲस्फाल्टीनचा (क्रूडमधल्या डांबरी घटकाचा) स्लज. पांढऱ्या गाळाचे प्रकार बरेच: पातळ ॲसिडमध्ये चटकन विरघळला तर कॅल्शियम सायट्रेटचा संशय घ्या, विरघळलाच नाही तर कॅल्शियम फ्लोराइड, फ्लोसिलिकेट किंवा सिलिका जेल. आणि बाटलीत तासन्तास न फुटणारं तपकिरी, दाट ताकासारखं काही उभं असेल तर ते इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं न सुटणारं मिश्रण.

एक चूक हमखास होते. आपल्याकडचं क्रूड मेणचट आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नमुना गाळला की जाळीवर काळा थर दिसतो आणि लगेच स्लज म्हणून नोंद होते. तो थर ७० अंशांच्या पाण्यात धरा. वितळून वर तरंगला तर मेण आहे. स्लज वितळत नाही.

परतीचे सगळे नमुने स्वच्छ असूनही दर आठवड्यागणिक हळूहळू घसरत असेल, तर ॲडिटिव्हच्या मागे लागू नका. तिथे बारीक मातीचे कण सरकताहेत किंवा क्षार बसताहेत. तो वेगळा आजार आहे.

लोह येतं कुठून

बहुतेक जण थरातलं, म्हणजे तेल धरणाऱ्या खडकातलं, लोह धरून हिशेब करतात. खरा पुरवठा पाइपातून होतो. २-७/८ इंची ट्युबिंगचा (विहिरीतल्या आतल्या पाइपाचा) आतला व्यास ६२ मिलिमीटर. १५०० मीटर लांबीचा आतला पृष्ठभाग साधारण २९० चौरस मीटर भरतो. कूपन चाचणीत (पोलादाची पट्टी ॲसिडमध्ये ठेवून ती किती झिजते ते बघण्याच्या) नेहमीची स्वीकारार्ह मर्यादा दर चौरस फुटाला ०.०५ पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २४४ ग्रॅम. म्हणजेच इनहिबिटर चाचणीत पास झाला तरी मर्यादेपर्यंत ७० किलो पोलाद ॲसिडमध्ये विरघळलेलं चालतं असा त्याचा अर्थ. १० घनमीटर ॲसिड असेल तर लिटरला ७ ग्रॅम. पास झालेल्या कूपनचा हा आकडा जॉबशीटवर कधीच लिहिलेला नसतो.

यात एक बारकावा आहे. पोलाद विरघळून येतं ते फेरस लोह, आणि ते पीएच ७ च्या आसपास जाईपर्यंत एकटं गाळ धरत नाही. खर्ची पडलेलं (खडकाशी क्रिया होऊन संपलेलं) ॲसिड इतकं चढत नाही, साधारण ४ ते ५ ला थांबतं. त्रास देतं ते फेरिक. ते पीएच २ ओलांडला की बसायला लागतं आणि ३ च्या थोडं पुढे जाईपर्यंत जवळजवळ सगळं बसून जातं. फेरिक येतं गंजातून, पाइपावरच्या मिल स्केलमधून (कारखान्यातच बसलेल्या ऑक्साइडच्या पापुद्र्यातून), अस्तर नसलेल्या टाकीतून, पिवळ्याधमक व्यापारी ॲसिडमधून आणि हवेच्या संपर्कात फेरसचं फेरिक होण्यातून. ताजं हायड्रोक्लोरिक जवळजवळ रंगहीन हवं. पिवळेपणा दिसला तर पोटॅशियम थायोसायनेटचा एक थेंब टाका; कुंकवासारखा लाल रंग चढला तर लोह तुम्ही विहिरीवर पोचण्याआधीच टँकरमध्ये आहे.

फेरिकचा दुसरा उपद्व्याप म्हणजे तो ॲस्फाल्टीनला बांधून स्लज घडवतो. ॲसिड जितकं तीव्र तितका स्लज जास्त, म्हणून १५ टक्क्यांत न दिसलेला स्लज २८ टक्क्यांत दिसतो. आंबट वायूच्या (हायड्रोजन सल्फाइड असलेल्या) विहिरीत मात्र फेरससुद्धा निरुपद्रवी राहत नाही, कारण आयर्न सल्फाइड पीएच २ च्या आसपासच बसायला लागतं.

आता लोह धरून ठेवणारे पदार्थ. सायट्रिक ॲसिड स्वस्त आणि सरावाचं, पण लोह कमी आणि सायट्रिक जास्त झालं तर खर्ची पडलेल्या ॲसिडमधल्या कॅल्शियमशी ते कॅल्शियम सायट्रेट बनवतं. म्हणजे लोहाच्या भीतीने दुप्पट टाकलं आणि पांढरा गाळ विकत घेतला. ईडीटीए ताकदवान आहे, पण तीव्र ॲसिडमध्ये नीट विरघळत नाही. ॲसिटिक साधारण ६५ अंशांपर्यंतच भरवशाचं, आणि खंभात खोऱ्यात जमिनीखालचं तापमान भराभर चढतं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. एरिथॉर्बिक ॲसिडची चाल वेगळी: ते फेरिकला पकडून ठेवत नाही, त्याचं फेरस करून टाकतं. रेणूभाराने हिशेब केला तर १ ग्रॅम फेरिकला सुमारे १.६ ग्रॅम एरिथॉर्बिक लागतं. लिटरला ३ ग्रॅम फेरिक आणि १० घनमीटर ॲसिड असेल तर कागदावर ४८ किलो. विरघळलेला ऑक्सिजनही ते खातं, म्हणून आम्ही दीडपट, ७० किलोच्या आसपास धरतो आणि पंपिंगच्या अगदी आधी टाकतो. रात्री टाकून सकाळपर्यंत टाकी हवेत फिरवत ठेवली तर अर्धा माल टाकीतच संपतो.

मड ॲसिडमध्ये (हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लुओरिकच्या मिश्रणात) सोडियम एरिथॉर्बेट वापरू नका, शुद्ध एरिथॉर्बिकच घ्या. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही हायड्रोफ्लुओरिकच्या उपउत्पादनांशी फ्लोसिलिकेट करतात, आणि ते थरात बसलं की काढणं महाकठीण. विहीर पोटॅशियम क्लोराइडच्या ब्राइनने (क्षारपाण्याने) किल केली, म्हणजे दाबून थांबवली, असेल तरी हाच धोका. मध्ये ३ टक्के अमोनियम क्लोराइडचा स्पेसर (दोन द्रव वेगळे ठेवणारा टप्पा) आणि हायड्रोक्लोरिकचा प्रीफ्लश (मुख्य ॲसिडआधीचा टप्पा) हवाच. प्रीफ्लश थरातलं कॅल्शियम आधी काढून टाकतो, नाहीतर कॅल्शियम फ्लोराइड बसतं. मुंबई हायच्या चुनखडीची कृती अंकलेश्वरच्या वालुकाश्मात उतरवणं चुकीचं ठरतं ते इथेच.

कोण कोणाशी भांडतं

इनहिबिटर बहुधा धनभारित असतो: अमाइन, क्वाटर्नरी संयुगं, सोबत प्रोपार्गिल अल्कोहोलसारखं काही. तो पोलादावर चिकटतो, हेच त्याचं काम. स्लज रोखायला टाकतात ते डोडेसिल बेन्झीन सल्फॉनिक ॲसिड ऋणभारित. दोघांना एका टाकीत घातलं की ते पोलाद आणि क्रूड सोडून एकमेकांनाच चिकटतात. टाकीवर डांबरी गोळे किंवा तेलकट साय दिसते, कूपन चाचणीत क्षरण वाढतं आणि स्लजही थांबत नाही. दोन्हींचे पैसे वाया. त्यावर ऋणभारित पॉलिॲक्रिलामाइडचा फ्रिक्शन रिड्यूसर (पंपिंगचं घर्षण कमी करणारा पदार्थ) आला तर चिंध्यांसारखे धागे पडतात, आणि हे सगळं परफोरेशनमध्ये (विहिरीतून थरात उघडणाऱ्या छिद्रांमध्ये) जातं.

इनहिबिटर वाढवण्याचा दुसरा तोटा कमी लोकांना जाणवतो. पाइपाला पुरून उरलेला धनभारित माल वाळूच्या कणांवर बसतो. वालुकाश्म अशाने तेलाळ होतो, म्हणजे कणांना पाण्याऐवजी तेल चिकटतं, आणि तेलाची वाट अरुंद होते. म्हणून इनहिबिटर लिटरमागे २ ते २० मिलिलिटर या पल्ल्यात नेमका किती, हे विहिरीचं तापमान, पोलादाचा दर्जा आणि ॲसिड किती तास पाइपात राहणार यावरून ठरवायचं. १३ क्रोम (१३ टक्के क्रोमियमच्या पोलादाच्या) ट्युबिंगला नेहमीचा माल चालत नाही, तिथे वेगळी चाचणी.

म्युच्युअल सॉल्व्हंट (तेल आणि पाणी दोन्हींत मिसळणारा द्रव), म्हणजे ईजीएमबीई, थराच्या कणांना तेलाऐवजी पुन्हा पाणी चिकटू देतो आणि इमल्शनही मोडतो. ५ टक्के हा नेहमीचा आकडा. पण तोच पोलादावरचा इनहिबिटरचा पापुद्राही सैल करतो. नुसतं ॲसिड आणि इनहिबिटर घेऊन केलेली कूपन चाचणी म्हणूनच कवडीच्या कामाची नाही. ईजीएमबीईसकट पूर्ण मिश्रणावर तीच चाचणी केली की पास झालेला इनहिबिटर नापास होताना दिसतो. शक्य असेल तिथे सॉल्व्हंट मुख्य ॲसिडऐवजी प्रीफ्लश आणि ओव्हरफ्लशमध्ये (ॲसिडनंतरच्या टप्प्यात) ठेवा.

क्षरणरोधकाचा इतिहासही थोडा आठवावा असा आहे. १९३२ साली मिशिगनमध्ये ॲसिड जॉब व्यवहारात आला तो आर्सेनिकच्या इनहिबिटरमुळे, आणि पुढे आर्सेनिक मागे पडला त्याचं एक कारण म्हणजे तो रिफायनरीच्या कॅटॅलिस्टला विष ठरतो. आपलं क्रूड कोयलीच्या रिफायनरीला जातं हे लक्षात ठेवून उपउत्पादन म्हणून मिळणारं स्वस्त हायड्रोक्लोरिक घेताना सेंद्रिय क्लोराइड आणि फ्लोराइडचा दाखला मागा. ऑर्गॅनिक क्लोराइडही तिथे तितकाच नकोसा असतो.

बाटली चाचणी, नीट केलेली

या चाचणीची मूळ चौकट एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) आरपी ४२ मधली. बहुतेक ठिकाणी ती होते, पण अर्धवट.

क्रूड आधी. जीजीएसच्या (अनेक विहिरींचं तेल गोळा करणाऱ्या केंद्राच्या) टाकीतलं क्रूड घेऊ नका, त्यात डीमल्सिफायर (इमल्शन मोडणारा पदार्थ) आधीच पडलेला असतो आणि चाचणी खोटी पास होते. वेलहेडवरून, केमिकल इंजेक्शनच्या आधीच्या बिंदूवरून, ताजं घ्या. महिनाभर शेल्फवर राहिलेलं क्रूडही नको.

फेरिक मुद्दाम घाला. लिटरला ३ ग्रॅम फेरिक हवं असेल तर हेक्झाहायड्रेट फेरिक क्लोराइड १४.५ ग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटरला १.४५ ग्रॅम. लोहाशिवाय केलेली चाचणी अगदी वाईट कृतीलाही पास करते. पिकलिंग (जॉबआधी ट्युबिंग आतून ॲसिडने धुणं) होणार नसेल तर ५ ग्रॅमनेही करून बघा.

मिश्रण टाकीत ज्या क्रमाने करणार त्याच क्रमाने बीकरमध्ये करा आणि क्रूड घालण्याआधी अर्धा तास तसंच ठेवून प्रकाशाकडे धरून बघा. ढगाळपणा, साय, गोळे, तळाशी थर यांपैकी काहीही दिसलं तर इथेच थांबा. पुढची चाचणी करण्यात अर्थ नाही. पण बाटल्यांमध्ये मड ॲसिड असेल तर काच वापरू नका. हायड्रोफ्लुओरिक काच खातं आणि विरघळलेली सिलिका तुमची चाचणी बिघडवते. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या घ्या, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असल्याशिवाय झाकण उघडू नका.

मग ५० मिलिलिटर ॲसिड, ५० मिलिलिटर क्रूड, दोन्ही आधी गरम केलेले. जोरात हलवा आणि विहिरीच्या तळाच्या तापमानाच्या वॉटर बाथमध्ये ठेवा. १० मिनिटांत किमान ९० टक्के पाणी वेगळं व्हायला हवं, अर्ध्या तासात मधल्या रेषेवर पापुद्रा उरता कामा नये. नंतर १०० मेशमधून गाळा, जाळी गरम पाण्याने धुवा, काय उरलं बघा. ९० अंशांच्या वर काम असेल तर प्रेशर सेल लागतो. बंद काचेची बाटली तापवण्याचं धाडस करू नका.

हेच सगळं खर्ची ॲसिडवर पुन्हा करा. हा भाग सर्रास गाळला जातो, आणि जास्तीत जास्त इमल्शन इथेच सापडतं, कारण विहिरीतून परत येतं ते खर्ची ॲसिडच. १५ टक्क्यांच्या १०० मिलिलिटरला साधारण २२ ग्रॅम संगमरवराचा चुरा लागतो. थोडा थोडा टाका, फेस थांबेपर्यंत झाकण लावू नका. मड ॲसिडला ही पद्धत चालत नाही, चुऱ्यावर कॅल्शियम फ्लोराइडचं कवच बसतं. तिथे खर्ची नमुना कोअरच्या (थरातून काढलेल्या खडकाच्या) चुऱ्यावर करावा लागतो.

नापास झालं तर एकेक पदार्थ काढून चाचणी पुन्हा करा, वाढवून करू नका. सात पदार्थांच्या कृतीत दोषी जोडी सापडायला एक दिवस जातो. वर्कओव्हर (विहीर-दुरुस्तीची) रिग उभी राहण्यापेक्षा ते स्वस्त.

टाकीवर

३१ टक्के हायड्रोक्लोरिकपासून १००० लिटर १५ टक्के ॲसिड करायला सुमारे ४५० लिटर ॲसिड आणि ५५० लिटर पाणी लागतं. द्रवरूप ॲडिटिव्ह जितके लिटर, तितकं पाणी कमी धरा. हे न केल्याने टाकीतलं ॲसिड पातळ निघतं. हायड्रोमीटर १.०७५ च्या आसपास दाखवायला हवा, पण मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात तो कमी दाखवतो आणि कोणीतरी उगाच आणखी ॲसिड ओततं. टायट्रेशन करा: २ मिलिलिटर नमुन्याला १ नॉर्मल कॉस्टिक ८.८ मिलिलिटरच्या जवळपास लागलं तर १५ टक्के बरोबर आहे.

टाकी रबर अस्तराची हवी, आणि याआधी त्यात काय होतं ते विचारा. डिझेल किंवा सिमेंटचा अवशेष पुरतो सगळं बिघडवायला. पाण्यात इनहिबिटर आधी, मग ॲसिड, म्हणजे पंप आणि लाइनला उघडं ॲसिड लागत नाही. साध्या पाण्यात न पसरणारा इनहिबिटर असेल तर पुरवठादाराचा क्रम पाळा. मग सर्फॅक्टंट, सॉल्व्हंट, शेवटी एरिथॉर्बिक. सगळं पडल्यावर टाकी खालून वर फिरवा आणि पंपिंग सुरू करण्याआधी वरून आणि तळातून असे दोन नमुने घ्या. इनहिबिटर वर तरंगला असेल तर पहिलं ॲसिड उघडं जातं आणि शेवटच्या टप्प्यात सगळा चिकट माल एकदम परफोरेशनवर पोचतो.

पिकलिंग टाळू नका

वेळ वाचवायला आधी हाच टप्पा कापला जातो. पाइपाच्या जोडांवरचा डोप (आट्यांना लावलेलं ग्रीस) काढायला थोडं झायलीन, त्यामागे ७.५ ते १५ टक्के इनहिबिट केलेलं हायड्रोक्लोरिक एक-दोन घनमीटर, ट्युबिंगच्या टोकाजवळ नेऊन उलट फिरवून वर काढायचं. टोकाबाहेर थरात जाऊ द्यायचं नाही, म्हणून ट्युबिंगची क्षमता आधी मोजा: २-७/८ इंचीला मीटरला सुमारे ३ लिटर, १५०० मीटरला साडेचार घनमीटर. परतीच्या मालात लोह किती निघालं ते लिहून ठेवा. पुढच्या जॉबमध्ये एरिथॉर्बिक किती लागणार, हे त्या आकड्यावरून ठरतं, अंदाजावरून नाही.

विहीर आधीच बसली असेल तर

आणखी तेच ॲसिड मारू नका. इमल्शन असेल तर झायलीन किंवा डिझेलमध्ये १० टक्के ईजीएमबीई आणि बाटलीत सिद्ध झालेला डीमल्सिफायर, १२ ते २४ तास भिजवून हळूहळू उघडा. स्लजवर झायलीनच, पण जुना स्लज पूर्ण सुटेल अशी आशा धरू नका. विटकरी गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक, सोबत एरिथॉर्बिक, आणि या वेळी पिकलिंग करूनच. फ्लोसिलिकेट किंवा सिलिका जेल ठरलं असेल तर रसायनाने झगडण्यापेक्षा पुन्हा परफोरेट करण्याचा खर्च मांडून बघावा.

मड ॲसिडनंतर विहीर बंद ठेवू नका. ओव्हरफ्लश संपताच फ्लोबॅक सुरू करा. रात्री क्रू नाही म्हणून सकाळपर्यंत बंद ठेवलेल्या विहिरीचा पांढरा गाळ दुसऱ्या दिवशी बाटलीत दिसतो, आणि त्याचं खापर मग सायट्रिकवर फुटतं.